बाबू

सरकारी नोकरीत तेहतीस वर्षे घालवलेल्या माणसाला कोणी ‘बाबू’ म्हटले, तर त्याच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविकच आहे. आंध्र प्रदेशच्या महसूल खात्यात मी १९८३ साली शिरलो आणि राज्याची दोन राज्ये झाल्यावर, २०१६ साली, तेलंगणाचा उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. या काळात लोकांनी माझ्या पाठीमागे मला काय काय म्हटले असेल ते असो. तोंडावर ‘बाबू’ म्हणण्याचे धाडस कोणी केले नव्हते. ते केले नऊ वर्षांच्या एका मुलाने, २०२२ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतील अटलांटा शहराच्या एका उपनगरात. मुलीच्या घराच्या परसात मी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होतो. कुंपणापलीकडून तो म्हणाला, “शिकामू, बाबू!” आणि माझ्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

त्याच्या बारा वर्षांच्या बहिणीने खुलासा केला. ‘शिकामू’ हा स्वाहिली भाषेतला, वडीलधाऱ्यांना करावयाचा नमस्कार. त्यावर वडीलधाऱ्यांनी ‘मराहबा’ म्हणायचे. आणि ‘बाबू’ म्हणजे आजोबा. ‘मरहबा’ हा शब्द हैदराबादेच्या मुशायऱ्यांत मी उभ्या जन्मात शेकडो वेळा ऐकला आहे. तो मला जॉर्जिया राज्यातल्या एका कृष्णवर्णीय मुलीने स्वाहिली म्हणून शिकवावा, याची मौज वाटली. इतक्यात सौभाग्यवती बाहेर आली. तिला त्यांनी ‘बीबी’ म्हणून नमस्कार केला. बीबी म्हणजे आजी! आमच्या शहरात या शब्दाला जे अर्थ आहेत ते ठाऊक असल्यामुळे ही अंमळ गोरीमोरी झाली. पुढे कळले की, या भाषेत ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘काका’ म्हणजे थोरला भाऊ. तो मुलगा आपल्या बहिणीला ‘दादा’ अशी हाक मारी, तेव्हा माझा आठ वर्षांचा नातू जमिनीवर लोळून हसत असे.

माझ्या मनात मात्र निराळीच शंका आली होती. सकाळचे अकरा वाजलेले, आठवड्याचा मधला वार, आणि ही दोन मुले कुंपणाशी. शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणे मी दोन जिल्ह्यांत करवून घेतली आहेत. सवय अशी सुटत नाही. त्यांची आई ओसरीवर आली, ओळखपाळख झाली आणि मी फार वेळ न घालवता विचारले, मुले शाळेत नाहीत का? त्या हसल्या. म्हणाल्या, “शाळेतच आहेत. आत्ता मधली सुट्टी आहे.”

घरातच मुलांना शिकवण्याची ही पद्धत अमेरिकेत नवी नाही. पन्नासही राज्यांत ती कायदेशीर आहे. आपल्याकडच्या अनेकांप्रमाणे माझी समजूत अशी होती की, हा धनिकांचा किंवा अतिधार्मिकांचा छंद असावा. मी कागदपत्रांचे नियम विचारले आणि त्यांनी, बहुधा करमणूक म्हणून, मला फाईलच दाखवली. जॉर्जियात पालकाने दरवर्षी शिक्षण खात्याला तसे लेखी कळवावे लागते. वर्षाचे १८० दिवस, दिवसाचे साडेचार तास, पाच विषय सक्तीचे. दरवर्षी प्रगतीचा अहवाल लिहून तो जपून ठेवायचा. तिसरीच्या अखेरीपासून दर तीन वर्षांनी एक प्रमाणित चाचणी. फाईल उत्तम होती. इतकी सुबक फाईल माझ्या हाताखालच्या एखाद्याच अव्वल कारकुनाने ठेवली असती.

त्या स्वतः पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान इस्पितळात तंत्रज्ञ. दोघांच्याही कित्येक पिढ्या जॉर्जियातच गेलेल्या. आफ्रिकेच्या भूमीवर दोघांपैकी कोणीही पाऊल ठेवलेले नाही. २०२० साली महामारीत शाळा पडद्यावर आल्या आणि मुलांचे वर्ग प्रथमच आईच्या कानांवर पडू लागले. त्या वर्षी हा अनुभव अनेक घरांत आला असावा. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पाहणीनुसार, २०२०च्या वसंतात कृष्णवर्णीयांच्या शंभरांतील तीन-सव्वातीन घरांत मुले घरी शिकत होती. त्याच वर्षाच्या शरदात ती संख्या सोळांवर गेली. शेजारीणबाईंच्या घरचे निमित्त लहानसेच होते. धाकट्याच्या वर्गात कृष्णवर्णीयांचा इतिहास सुरू झाला तो जहाजापासून. जहाज आले, त्यातून गुलाम उतरले. मुलाने विचारले, त्याच्या आधी आम्ही कुठे होतो? बाईंनी, म्हणजे पडद्यावरच्या बाईंनी, तो प्रश्न पुढच्या इयत्तेसाठी राखून ठेवला आणि पान उलटले. आईने ते स्वयंपाकघरातून ऐकले. पुढच्या सत्रापासून त्यांनी मुलांची नावे काढून घेतली.

मग हळूहळू माझे त्या घरी जाणे-येणे सुरू झाले. जेवणाचे टेबल हीच शाळा. भिंतीवर आफ्रिकेचा मोठा नकाशा, खाली बुटक्या फडताळात पुस्तके, आणि कोपऱ्यात खळग्यांचा एक लाकडी पाट, जो पाहताच मला तेलंगणातल्या पोरींचा वामनगुंटलूचा खेळ आठवला. आठवड्यातून तीन दिवस सकाळी नऊ वाजता नैरोबीहून एक शिक्षिका पडद्यावर येत. तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असत. स्वाहिली ऐकताना मला सतत कोणीतरी ओळखीचे गर्दीतून जात असल्याचा भास होई. किताबू म्हणजे पुस्तक, कलामू म्हणजे लेखणी, हबारी म्हणजे वर्तमान, दुनिया म्हणजे दुनियाच. अरबांकडून तिकडे गेलेले हे शब्द आमच्याकडे फारसीतून आले. शिवाय दुका, गारी, पेसा आणि चपाती हे आमच्याच किनाऱ्यावरून गेलेले. शाळेला मात्र ‘शुले’, तो शब्द जर्मनांनी टांगानिकात राज्य केले तेव्हाचा. त्या भाषेत अनेकवचन शब्दाच्या शेपटीला जोडत नाहीत, डोके बदलतात. ‘की’ने सुरू होणाऱ्या शब्दाचे अनेकवचन ‘वी’ने सुरू होते. म्हणून अरबी ‘किताब’मधल्या ‘कि’लाही त्यांनी आपलाच मानले आणि एक किताबू, अनेक विताबू असे करून टाकले! परक्या शब्दाला इतक्या सहज घरात घेणारी भाषा मला फार आवडली. घड्याळसुद्धा त्यांचे निराळे. दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्य उगवला की होतो. आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो.

इतिहासात त्या दिवसांत इथिओपिया चालू होते. अक्सूमचे राज्य, मग १८९६ साली अदवाच्या रणांगणावर मेनेलिकने इटालियन फौजेचा केलेला पराभव. फळ्याशेजारी तिकडच्या लिपीचा तक्ता टांगलेला होता. थोरली त्यातली एक ओळ म्हणून दाखवू लागली : ल, लू, ली, ला, ले, ल्, लो. मी खुर्चीतून उठलोच. ही तर बाराखडी! मूळ अक्षर एक आणि स्वरागणिक त्याला फुटणारे हातपाय; आपल्याकडे बारा, त्यांच्याकडे सात, एवढाच फरक. मी कागद घेतला आणि शेजारी आपली ‘ल’ची बाराखडी लिहिली. दोन्ही मुले वाकून पाहू लागली. माझा नातूही वाकून पाहू लागला. थोरलीने त्याला विचारले, “हे तुमचे आहे ना? वाच की.” तो माझ्याकडे पाहू लागला. त्याला ‘ल’सुद्धा येत नव्हता.

येथे थोडे मागे जावे लागेल. माझ्या बदल्या आदिलाबाद, निजामाबाद, करीमनगर अशा होत गेल्या. मुलगी १९८६ची. तिला इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घातले, दुसरी भाषा सोयीची म्हणून तेलुगू. मराठी घरात बोलली जाई. माझी आई नांदेडकडची. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातीला पाटी घेऊन बसवायची. दोन-तीन उन्हाळे तिने तो उद्योग केला. मुलगी कंटाळे, रडे. एके दुपारी मीच म्हणालो, “आई, अगोदरच तीन लिप्या आहेत तिच्या डोक्यावर. आता ही चौथी कशाला?” आईने काहीही न बोलता पाटी माळ्यावर टाकली. त्या काळी मला तो निर्णय अत्यंत व्यवहारी वाटला होता. कार्यालयातही मी असेच निर्णय घेत असे आणि त्याबद्दल माझी वाखाणणी होई.

शेजारीणबाईंशी मी पुष्कळ वादही घातले. माझा पहिला आक्षेप असा : जॉर्जियाच्या भातशेतीवर आणि कापसाच्या मळ्यांवर जे आणले गेले, ते बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून आणि काँगो-अंगोलाकडून आलेले. स्वाहिली पूर्व किनाऱ्याची. म्हणजे जी भाषा तुमच्या पूर्वजांची असण्याचा संभव जवळजवळ नाही, तीच तुम्ही मातृभाषा म्हणून शिकवता? शिवाय झांझिबारच्या बाजारात याच भाषेत माणसे विकली गेली, त्याचे काय? त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. विकली गेली, आणि तेही मी शिकवते, असे म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आमच्या कोणत्या आजीची कोणती भाषा होती ते कोणी लिहून ठेवले नाही. जी भाषा कोणा एका जमातीची नाही ती मी निवडली. तुमच्यासारखी निवड करायची सोय आम्हांला नव्हती.” शेवटचे वाक्य त्यांनी खोचून म्हटले नव्हते. लागले मात्र.

दुसरा आक्षेप क्वान्झाबद्दल. २६ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत सात दिवस रोज एकेक मेणबत्ती लावून हा उत्सव करतात. नाव स्वाहिली, तत्त्वांची नावे स्वाहिली. पण आफ्रिकेतल्या कोणत्याही गावात असा परंपरागत सण नाही. मौलाना करेंगा नावाच्या प्राध्यापकाने तो १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू केला. मी म्हणालो, हा तर बनवलेला सण. म्हणता म्हणताच मला १८९३ आठवले आणि सार्वजनिक गणेशोत्सव आठवला आणि मी आपला चहा पिऊ लागलो. तरीही हे कबूल करतो की, क्वान्झाच्या त्या सभ्य, व्याख्यानवजा संध्याकाळी माझे मन फारसे रमले नाही. मुलांचेही रमले नसावे. त्यांचे लक्ष खाण्याकडे होते.

मी त्यांना विचारले की, शाळेवरचा विश्वास उडाला म्हणून एवढे टोकाला जावे का? तेव्हा त्यांनी उठून एक पुस्तक आणले. सूझी किंग टेलर या बाईंच्या १९०२ सालच्या आठवणी. जॉर्जियात गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे १८२९च्या कायद्याने गुन्हा होता. सूझी १८४८ साली गुलाम म्हणूनच जन्मली. सव्हाना शहरात ती आणि तिचा भाऊ एका विधवेच्या घरी चोरून शिकायला जात. पोलिसांना दिसू नयेत म्हणून पुस्तके कागदात गुंडाळून नेत. पुढे हीच सूझी यादवीच्या युद्धात सुटून आलेल्या मुलांची शिक्षिका झाली. बाई म्हणाल्या, “आमच्याकडे घरातली शाळाच आधीची. सरकारी शाळा मागाहून आली.” कार्टर वुडसन यांचे १९३३चे पुस्तक, ज्यात शाळाच कृष्णवर्णीय मुलाला स्वतःविषयी तुच्छता कशी शिकवते याचे विवेचन आहे, तेही त्यांच्या फडताळात होते. वुडसन यांचे आईवडील गुलाम होते आणि ते स्वतः हार्वर्डचे डॉक्टर झाले. १९२६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, त्याचाच पुढे महिना झाला. वर्षाला एक महिना, असे म्हणून बाईंनी पुस्तक परत जागेवर ठेवले.

त्या घरात ऐकलेली एक हकिकत मात्र मी कधी विसरणार नाही. जॉर्जियाच्याच किनाऱ्यावर हॅरिस नेक नावाची वस्ती आहे. १९३०च्या दशकाच्या आरंभी लोरेन्झो टर्नर हे भाषाशास्त्रज्ञ तेथे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गेले. अमेलिया डॉली नावाच्या बाईने त्यांना पाच ओळींचे एक गाणे म्हणून दाखवले. अर्थ तिला ठाऊक नव्हता. आईकडून आले, म्हणून ती म्हणत होती. टर्नरना पश्चिम आफ्रिकेतल्या एका विद्यार्थ्याकडून कळले की, ही सिएरा लिओनमधली मेंडे भाषा आहे. पुढे अर्धशतक उलटल्यावर संशोधकांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा अमेलियाची मुलगी मेरी मोरान हिला ते गाणे येत होतेच. आणि सिएरा लिओनच्या सेनेहुन न्गोला या आडगावात बेंदू जबाती नावाच्या बाईलाही जवळजवळ तेच गाणे आजीने शिकवलेले होते. १९९७ साली मेरी त्या गावी गेली. अमेरिकेत जे लेकरांचे गाणे म्हणून टिकले, ते मुळात बायकांनी मृताला निरोप देताना म्हणायचे गाणे होते. दोनेकशे वर्षे आयांनी मुलींना ते दिले. अर्थ वाटेत गळून गेला, शब्द मात्र पोचले.

त्या रात्री मुलीला मी हे सांगितले. ती काही वेळ गप्प बसली, मग आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात हवाईपत्रे होती, अकरा. ती २००८ साली अमेरिकेला गेल्यापासून २०१२ साली आई वारली तोवर आईने तिला पाठवलेली. मला हे ठाऊकच नव्हते. माझ्या देखत आईने एकही लिहिले नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, पहिल्या पत्राचे अर्धे पान मी लावले होते. आजीचे अक्षर मला लागत नाही. फोनवर ती विचारायची, पत्र पोचले का? मी म्हणायची, पोचले, छान आहे.”

पुढचे काही दिवस दुपारी आम्ही ती पत्रे वाचली. मी वाचायचो, मुलगी ऐकायची आणि नातू माझ्या खांद्यावरून अक्षरे पाहायचा. पत्रांत विशेष काही नव्हते. कैरीचे लोणचे यंदा नरमले. शेजारच्या रेड्डींच्या मुलाचे लग्न. तुझा बाप निवृत्त झाल्यावर काय करणार ही मला काळजी आहे. पाचव्या पत्राच्या शेवटी, ओळी आखून, मोठ्या ठसठशीत अक्षरांत ‘क’ची बाराखडी लिहिली होती, सहाव्यात ‘ख’ची, मग ‘ग’ची. अकराव्या पत्रात ती ‘ज’पर्यंत पोचली होती. ‘ङ’ तिने वगळला होता.

नोव्हेंबरात शेजारीणबाईंनी मला एक पाठ घेण्याची विनंती केली. आफ्रिकेतून केवळ पश्चिमेकडेच माणसे गेली असे मुलांना वाटू नये; पूर्वेकडे गेली त्यांच्याविषयी सांगाल का? मी मलिक अंबर निवडला. महसूल खात्यातल्या मराठी माणसाला अंबर आधी माहीत असतो तो जमीनमोजणी आणि धारा यांच्यामुळे. मग तो शहाजीराजांच्या चरित्रात भेटतो. मी टाचणे काढून, इस्त्रीचा सदरा घालून गेलो. सांगितले की, १५४८च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याला विकले, मोखाच्या बंदरात, बगदादेत, पुन्हा दख्खनेत. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतःच हबशी होता, त्याने त्याला घेतले. त्या गुलामाने पुढे बुडणारी निजामशाही आपल्या खांद्यावर तोलली, मोगलांना गनिमी काव्याने वीस-पंचवीस वर्षे झुंजवले, १६१० साली खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३पासून छत्रपती संभाजीनगर आहे, आणि तिला जमिनीखालून नहरीचे पाणी आणले. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजा मोडल्या. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. जहांगीराला तो हाती लागेना, म्हणून बादशहाने आपण अंबरच्या छिन्न मस्तकाला बाण मारीत आहोत असे चित्र काढवून घेतले. या चित्रावर दोन्ही मुले खदखदून हसली. १६२६ साली अंबर म्हातारपणी, आपल्या मरणाने मेला; खुलताबादेस त्याची कबर आहे.

पाठ चांगला झाला असे माझे मत होते. तेवढ्यात धाकट्याने विचारले, “अंबर हे नाव त्याच्या आईने ठेवले?” नाही, म्हटले, ते मालकाने दिले, आईवडिलांकडचे नाव चापू. त्याने ते वहीत लिहिले. थोरली म्हणाली, “मग चापूने आपल्या मुलांना आईची भाषा शिकवली का?” अंबरचा मुलगा फतेहखान मला ठाऊक होता, त्याची कारस्थाने आणि त्याची अखेरही ठाऊक होती. हा प्रश्न कधी मनात आलाच नव्हता. मी विषय बदलण्यासाठी म्हणालो की, आमच्या हैदराबादेतही निजामाच्या लष्करात आफ्रिकी घोडदळ होते. ते राहत त्या वस्तीला आजही ए. सी. गार्ड्स म्हणतात. त्यांची नातवंडे-पतवंडे तेथे आहेत.

“तुमच्या घरापासून किती लांब?”

“चार किलोमीटर.”

“मग त्यांना विचारा ना, बाबू.”

मी जानेवारीअखेर परतलो. मासाब टँकजवळच्या त्या वस्तीवरून मी हजारो वेळा गेलो असेन. आत शिरलो नव्हतो. ओळखीचा म्हणावा असा एकच माणूस. १९७५ ते ७८ या काळात महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात तो डावीकडून खेळे; आजोबा निजामाच्या घोडदळात होते. आम्ही सगळे त्याला ‘हबशी’ म्हणत असू. तोंडावर, हसत. तोही हसत असे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी चहाच्या हॉटेलात त्याची चौकशी करायला तोंड उघडले आणि लक्षात आले की, याचे नाव मला येत नाही. तीन वर्षे एकाच संघात खेळून ‘हबशी’पलीकडे मी त्याला काहीच म्हटले नव्हते. ‘तो डावरा फुटबॉलवाला’ एवढ्या खुणेवर हॉटेलवाल्याने घर दाखवले.

त्याने मला ओळखले. “पैंतालीस साल के बाद रस्ता भूले क्या, मियाँ?” मी आढेवेढे घेत बोलू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “शरमाओ नक्को. हबशीच बोलो. वोइच तो नाम था मेरा, तुम लोगां के पास.” मग त्याने आपले नाव सांगितले. मी ते त्याच्यासमोरच वहीत लिहून घेतले.

घोडदळ १९४८नंतर मोडले, घोडे गेले, पगार गेले. लग्नाच्या वरातीत मरफा वाजवून त्याच्या वडिलांनी घर चालवले, हे त्याने फारशी कडवट चव न आणता सांगितले. भाषेचे विचारले, तर नकारार्थी मान हलवली. दख्खनी हीच आमची भाषा, म्हणाला. पण त्याची बायको पडद्याआडून म्हणाली की, सासूबाई डफावर काहीतरी म्हणायच्या ते म्हणा की. बरेच आढेवेढे झाले. मग त्याने स्टुलावर बोटांनी ताल धरून तीन-चार ओळी म्हटल्या. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. मी ते मोबाईलवर उतरवून घेतले आणि रात्री अटलांटाला पाठवून दिले.

थोरलीचे उत्तर आठवड्याने आले. तिने ते बारा वेळा ऐकले होते, शब्द तोडून ओळीखाली ओळ असे लिहिले होते. नैरोबीच्या बाईंना त्यातले काही ओळखता आले नाही. एका शब्दाबद्दल तिला संशय होता, पण आईने बजावले होते की, अंदाज लिहायचा नाही. खाली तिने दोन प्रश्न घातले होते. मधे सारखे कोण हॉर्न वाजवते आहे? आणि शेवटी त्या बाई मोठ्याने काय म्हणतात, तेही गाण्यातलेच आहे का?

हॉर्न रिक्षाचा होता, आणि बाई म्हणत होत्या की चहा निवतो आहे. एवढे मला सांगता आले.